गरिबी बघायला आलेले पाहुणे

ज्या दिवशी दोन मोठी माणसं आमची गरिबी तपासायला घरी आली, त्या दिवशी आईने जिताडं केलं होतं. ज्यांना जिताडं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हा खाडीतला मासा. पापलेट हॉटेलवाल्यांनी मोठं केलं. आमच्या खाडीकाठच्या गावांत मान जिताड्याला. जावई पहिल्यांदा जेवायला आला की जिताडं, व्याही आले की जिताडं, आणि परवडत नसेल तर उसनवारी करून जिताडं. आईने ते शिष्यवृत्तीवाल्यांसाठी केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पण सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आमची आई वेडी आहे. ती वेडी नाही. ती सीवूड्सच्या बाजारात मासळी विकते आणि तिथल्या सोसायट्यांतल्या एकाही बाईला आजवर तिला गंडवता आलेलं नाही.

मला वकील व्हायचं होतं. त्यामागे उदात्त वगैरे काही नव्हतं. आमच्या गावातली निम्मी माणसं जमिनीच्या कागदांसाठी बेलापूरच्या ऑफिसांत खेटे घालून म्हातारी झाली. साहेब जेवायला गेलेत, साहेब मीटिंगमध्ये आहेत, साहेबांची बदली झाली. लहानपणी वडिलांबरोबर त्या बाकड्यांवर बसून मला वाटायचं, की यांच्याशी नीट भांडता येईल असं काहीतरी शिकावं. भांडायची हौस तर उपजतच होती, नुसतं सर्टिफिकेट हवं होतं. बारावीनंतर पुण्याच्या एका चांगल्या लॉ कॉलेजात माझा नंबर लागला. पाच वर्षांचा कोर्स. फीचा आकडा वाचून वडिलांनी चष्मा काढला, पुसला, आणि परत वाचला. आकडा तोच होता.

वडील खाडीत होडी घालायचे. खाडी काही देईनाशी झाल्यावर तळोज्याला ठेकेदाराकडे माल चढवायला-उतरवायला जाऊ लागले. आईची मासळी आणि वडिलांची हमाली यांतून घर चालायचं, पुण्याचं कॉलेज चाललं नसतं. सीट धरून ठेवायला थोडेच दिवस होते. नाही भरली फी, तर सीट गेली, आणि मी आईच्या शेजारी पाटावर बसून कोलंबी सोलणार, हे सगळ्यांना कळत होतं, फक्त कोणी बोलत नव्हतं.

तेव्हा आमच्या ज्युनियर कॉलेजच्या इंग्रजीच्या बाईंनी वाशीच्या एका ट्रस्टचं नाव सुचवलं. पूर्ण शिष्यवृत्ती. फी, हॉस्टेल, मेस, पुस्तकं, अगदी दिवाळीला घरी यायचं एसटीचं भाडंसुद्धा. अट एकच, विद्यार्थी 'गरीब, गरजू व होतकरू' असावा. आता होतकरू असल्याचं गुणपत्रिकेवर दिसतं. गरिबीचा दाखला तहसीलदार देतो. गरजू मात्र तोंडावर दिसावं लागतं, आणि माझं तोंड त्या विषयात पहिल्यापासून नापास.

मुलाखतीला एसी हॉल होता. माझ्या आधीची मुलगी आत जाऊन असं रडली की बाहेर बसलेल्या आमचेही डोळे भरून आले. मी आत गेले तर टेबलामागे दोघं. एक ट्रस्टच्या मॅडम, पूर्वी कुठेतरी मुख्याध्यापिका होत्या. दुसरे साहेब, ज्यांच्या पैशावर ट्रस्टचा बराचसा भार होता.

"तुझा संघर्ष सांग," मॅडम प्रेमाने म्हणाल्या.

"पहाटे आईबरोबर धक्क्यावर मासळी आणायला जाते. आल्यावर अभ्यास करते."

"दिव्याखाली?"

"ट्यूबलाइटखाली. लाइट आहे आमच्याकडे."

मॅडमनी काहीतरी लिहिलं. मग वडिलांचं विचारलं. वडील हयात आहेत, दारू पीत नाहीत आणि आईला मारत नाहीत, हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा किंचित पडला. मलाही वाईट वाटलं. एवढ्या चांगल्या बाई, आणि त्यांना द्यायला माझ्याकडे एक धड दुःख नाही. पण मार्क एवढे होते की नाव खोडता येईना. शेवटी त्या म्हणाल्या, "ठीक आहे, रविवारी आम्ही गृहभेटीला येऊ. घर बघू."

घरी येऊन मी आईला सांगितलं.

"कोन येनार हाय?"

"शिष्यवृत्तीवाले."

"कशाला?"

"घर बघायला. मला बघायला."

झालं. आमच्या गल्लीत घर आणि पोरगी बघायला माणसं येतात ती एकाच कारणासाठी, आणि त्या कारणाची एक ठरलेली रीत आहे. ज्या घरी पाहुणे येणार, त्या घरी गल्लीतलं उत्तमातलं उत्तम सामान जाऊन बसतं. कुणाचा सोफा, कुणाचा काचेचा सेट, कुणाचे पडदे. पुढच्या महिन्यात तेच सामान दुसऱ्या घरी. पाहुण्यांनाही हे ठाऊक असतं, कारण त्यांच्या गावातही हेच चालतं. उसनं कुठलं आणि घरचं कुठलं हे कोणी विचारत नाही. त्यांना एवढंच बघायचं असतं, की या घराला माणसं किती आहेत, आणि वेळेला ती धावून येतात का.

हे वाशीच्या ट्रस्टला कोण सांगणार.

आमचं घर बाहेरून तीन मजली. बडा घर पोकळ वासा. चार भावांनी मिळून बांधलेलं, दर्शनी बाजूला चकचकीत टाइल्स, आणि आमच्या वाट्याला खालची एक खोली, कोपऱ्यात मोरी. वरच्या मजल्यावर काकी, म्हणजे आईची जाऊ. तिचा नवरा बोटीवर, त्यामुळे तिच्याकडे सोफा, मोठा टीव्ही आणि सोनं. रविवारी सकाळी सोफा जिन्यावरून खाली आला. टीव्ही आला. शेजारणीचा फ्रिज आला, जो लावायला आमच्याकडे प्लग पॉइंट नव्हता, म्हणून तो नुसताच उभा राहिला. मग काकीने आपलं सोनं काढून आईला घातलं. पुतळ्यांची माळ, बोरमाळ, पाटल्या, तोडे. आईच्या अंगावर स्वतःचं म्हणाल तर मंगळसूत्र आणि नाकातली चमकी.

मी डोकं धरून बसले. "आये, ते आपण गरीब आहोत का ते बघायला येतायत."

"तं बघू दे ना. गरिबाच्या घरान पावन्याला काय वाढतात, ते बी बघू दे."

"अगं, सोनं तरी काढ."

"बोडक्या गल्याने पावन्यासमोर जाऊ? मी काय मेली हाय?"

आता याच्यावर कुठला वकील बोलणार?

दुपारी पाहुणे आले. साहेबांची गाडी गल्लीत शिरली नाही, म्हणून ते चालत आले, आणि त्यांच्या मागून अर्धं गाव. मॅडम आधी तीन मजले बघत उभ्या राहिल्या. मग आत येऊन सोफा, टीव्ही, फ्रिज असं बघत बघत त्यांची नजर आईच्या गळ्यापाशी आली आणि तिथेच राहिली. वडील कडक इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत ताठ बसले होते. लग्नाच्या फोटोतसुद्धा ते इतके ताठ नाहीत.

"जेवूनच जायाचं," आई म्हणाली.

"अहो नको, आम्हाला अजून दोन घरं बघायची आहेत," मॅडम म्हणाल्या. पण साहेबांच्या नाकाला वास लागला होता. साहेब बसले, म्हणून मॅडम बसल्या. मॅडमनी मासे खाते पण पापलेटच, असं सांगून सोलकढी-भात घेतला. जिताड्याचं डोकं मानाचं, ते आईने साहेबांना वाढलं. त्यांनी ते बाजूला सारून पाठीचे तुकडे खाल्ले. चांगले तीनदा मागून घेतले.

"काय चव आहे!" ते म्हणाले. "आता मिळतं कुठे हो जिताडं? पूर्वी या खाडीत केवढाली मिळायची."

"साहेबांचा कारखाना कुठं हाय?" आईने विचारलं.

"तळोज्याला. केमिकलचा."

"हां," आई म्हणाली, आणि त्यांना आणखी रस्सा वाढला.

जेवण झाल्यावर मॅडमनी हळूच विषय काढला. "सोनं छान आहे हो तुमचं. पारंपरिक दिसतंय."

आई नुसती हसली. दारात काकी उभी, तिच्यामागे गल्लीतल्या बायका. मला कळलं की आता बोलले नाही तर पुणं गेलं. मी तोंड उघडलं. "मॅडम, हे सोनं..."

आईने माझ्याकडे बघितलं. बाजारात एखादी बाई माशाचा कल्ला उचलून 'शिळा वाटतोय' म्हणते, तेव्हा आई जशी बघते, तशी.

"काय सोनं?" मॅडम म्हणाल्या.

"जुनं आहे," मी म्हटलं.

दोन दिवसांनी इंग्रजीच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. मॅडमचा त्यांना फोन आला होता. मुलगी हुशार आहे, पण कुटुंब अगदी सुस्थितीत आहे, तीन मजली घर आहे, एखाद्या खऱ्या गरजूवर अन्याय होईल. आणि हो, जेवण अप्रतिम होतं, हेही कळवलं होतं.

"तुम्ही शिष्यवृत्ती मागत होतात की सोयरीक जुळवत होतात?" बाई माझ्यावर ओरडल्या. मी सगळं सांगितलं. सोफा काकीचा, फ्रिज शेजारणीचा, सोनं काकीचं. ऐकता ऐकता बाईंना हसू आवरेना, आणि मला रडू. बाईंनी तिथल्या तिथे मॅडमना फोन लावला. घर एकत्र आहे, यांची एकच खोली आहे, गैरसमज झाला, पुन्हा एकदा बघा, अशी गयावया केली. सोन्याचं मात्र बोलू नका म्हणून मी हात जोडून खुणा करत होते, आणि बाई नाही बोलल्या. ट्रस्टने मोठ्या मनाने फेरभेट कबूल केली. फोन ठेवून बाई म्हणाल्या, "आईला सांग, या वेळी घर आहे तसं दाखवा."

हे आईला सांगणं म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधणं.

"जसं हाय तसं पावन्याला दाखवतात का?" आई म्हणाली.

"दाखवावं लागेल."

"बसाला काय देऊ?"

"चटई."

"आनि खायाला?"

"काही नाही. पाणी."

"पानी," आई म्हणाली. "उन्हातनं आलेल्या मानसाला नुसतं पानी."

मग मात्र माझं डोकं सटकलं. म्हटलं, "नको ना दाखवूस. घाल ते सोनं, बस मिरवत. मी उद्यापासून येते बाजारात, माझ्यासाठी एक कोयती घे विकत." आई ताटलीतले तांदूळ निवडत बसली. तांदूळ निवडून झाल्यावर म्हणाली, "सांग त्यांना, या म्हनावं."

आता गल्लीला नवीन काम मिळालं. ज्या उत्साहाने सामान आलं होतं, त्याच्या दुप्पट उत्साहाने गेलं. सोफा, टीव्ही, फ्रिज हे तर गेलंच, पण काकीने आईचे स्वतःचे पितळी डबेही वर नेले, कारण ते फार चमकत होते. शेजारीण म्हणाली, पंखाही काढू या. वडील म्हणाले, उकडतं, पंखा राहू दे. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की खोली आता गरीब दिसण्यापेक्षा रिकामी दिसतेय. म्हणून कोणी मोडक्या पायाची खुर्ची आणली, कोणी पोचे पडलेलं पातेलं. काकीने स्वतःची एक विटकी साडी आणून आईला नेसायला दिली. गरिबीसुद्धा आम्हाला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मागून आणावी लागली.

पाहुणे आले. या वेळी मॅडमचा चेहरा खोलीत पाऊल टाकल्याबरोबर मऊ झाला. चटईवर बसल्या, मोडक्या खुर्चीकडे बघून 'चक् चक्' केलं, आईच्या गळ्यात एकटं मंगळसूत्र बघून, बहुधा सोनं गहाण पडलं असं समजून, माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला त्यांचा राग आला, आणि रागावून परवडणार नव्हतं म्हणून जास्तच आला. आई पाण्याचे पेले घेऊन आली. तिची मान खाली होती. बाजारात आठ बायकांशी एका वेळी भांडणारी माझी आई, चटईच्या कडेला अंग चोरून उभी होती.

साहेबांनी पाणी घेतलं, इकडेतिकडे हुंगलं आणि हसून म्हणाले, "काय, आज जिताडं नाही वाटतं?"

मी आईकडे बघितलं नाही. बघवेना.

"नाय साहेब," आई म्हणाली. "गरीब मानसं हाय आमी."

हे वाक्य मी तिच्या तोंडून आधी कधी ऐकलं नव्हतं. घरात तांदूळ नसताना नाही, वडिलांची होडी विकली तेव्हा नाही, कधीच नाही. मॅडमनी मान हलवून वहीत खूण केली. मला शिष्यवृत्ती मिळाली ती त्या क्षणी. मार्कबिर्क सगळं नंतरचं.

ते गेले. गल्लीतल्या बायका पांगल्या. आई विटक्या साडीतच वर काकीकडे गेली आणि मोठा टोप घेऊन खाली आली. झाकण काढलं तर आत जिताडं. सकाळी काकीच्या शेगडीवर करून ठेवलेलं, अख्खं, डोक्यासकट. वाढायचं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी केलं होतं.

"पावने दारातनं उपाशी गेले," ती म्हणाली. तिने आम्हाला वाढलं. काकीला वाढलं, शेजारणीकडे वाटी पाठवली. स्वतः जेवली नाही. वडिलांनी दोनदा म्हटलं, तरी नाही. मी जेवले. भूक लागली होती, आणि जिताडं खरंच सुरेख झालं होतं. आजही ते आठवलं की स्वतःचीच चीड येते आणि तोंडाला पाणीही सुटतं.

पुढची पाच वर्षं ट्रस्टने एक पैशाची कसूर केली नाही, हे कबूल करायलाच हवं. फी वेळेवर, मेस वेळेवर. त्या बदल्यात वर्षातून एकदा वाशीच्या हॉलमध्ये टी-शर्ट घालून स्टेजवर उभं राहायचं आणि आपला संघर्ष सांगायचा. पहिल्या वर्षी माझा संघर्ष फारच मिळमिळीत निघाला. दुसऱ्या वर्षापासून मी ट्यूबलाइट घालवली. लोक हळहळले. असा मान पोटभर मिळाला. आई मात्र त्या कार्यक्रमाला कधी आली नाही. बाजाराचा दिवस आहे म्हणायची. मासळीला गिऱ्हाईक नसलेला मंगळवार असला तरी.

मग मी पास झाले, सनद मिळाली, बेलापूर कोर्टात एका वकिलांच्या हाताखाली काम सुरू झालं. पहिल्या दिवशी काळा कोट घालून घरी आले तर काकीने दृष्ट काढली. वडील म्हणाले, गावात पेढे वाटू.

"पेढे मंग," आई म्हणाली. "पयले त्या दोघांना जेवाला बोलव."

"कोणाला?"

"त्या मॅडमला आनि साहेबाला. आपल्या घरातनं नुसतं पानी पिऊन गेलेत."

मी तिला समजावलं की त्यांच्या ते ध्यानातही नसेल. ती म्हणाली, "माझ्या हाय."

साहेबांच्या ऑफिसमधून फुलांचा गुच्छ आला, सोबत शुभेच्छांचं छापील कार्ड. मॅडम स्वतः आल्या. आता त्या थकल्या होत्या, गुडघ्यांचा त्रास, रिक्षातून उतरताना मी हात दिला. गृहभेटी त्यांनी केव्हाच सोडल्या होत्या. दारात आल्या आणि थबकल्या. काकीचा सोफा खाली आलेला. काचेचा सेट मांडलेला. आणि समोर आई, गळ्यात पुतळ्यांची माळ, बोरमाळ, हातात पाटल्या, तोडे.

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी वकील असल्यामुळे छताकडे बघितलं.

पानं मांडली. या वेळी मॅडमनी पापलेटचं नाव काढलं नाही. पहिला घास खाल्ला आणि डोळे मिटून घेतले. जेवता जेवता त्यांची नजर पुन्हा त्या माळेवर गेली. सवय, दुसरं काय. "किती सुरेख आहे हो ही माळ," त्या म्हणाल्या.

"माझी नाय, मॅडम," आई म्हणाली, अगदी सहज, मीठ वाढल्यासारखी. "जावेची हाय. तवा पन जावेचीच व्हती. सोफा बी तिचाच."

काकी दारात हसत उभी होती. मॅडमचा हात पानावर थांबला.

"मग तेव्हा का नाही हो सांगितलंत? एका शब्दाने काम झालं असतं. परत यावं लागलं नसतं आम्हाला."

"तवा तुमी आमाला बघाला आल्या व्हत्या," आई म्हणाली. "आज जेवाला आल्यात."

आणि तिने टोपातलं जिताड्याचं डोकं उचलून मॅडमच्या पानात वाढलं.